आधीच चालू असलेली मोटार

सुगीच्या सणाच्या आदल्या दिवशी, चर्चच्या मंडळीनं देवाला वाहिलेली ज्वारी मी भिजवली. मुद्दाम नाही. पाण्याच्या मोटारीचा ऑटो टाकला आणि विसरलो.

शनिवार होता. सकाळपासून लाईट नव्हती, चर्चमागचा हॉल धुवायचा होता आणि टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. आपल्याकडं अशा वेळी लाईटची वाट बघत कुणी बसत नाही. स्टार्टरच्या पेटीतलं ऑटोचं बटण वर करून ठेवायचं. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते आणि माणूस गावभर फिरायला मोकळा. मी बटण वर केलं आणि साऊंडवाल्याला गाठायला शिरूरच्या बाजारात गेलो. साऊंडवाला भेटला, चहा झाला, चहावर क्रिकेट झालं.

आमच्या कंपाउंडात टाकी आहे कोठीच्या शेजारी, उंच चौथऱ्यावर. ती भरून वाहिली की पाणी कोठीच्या पत्र्यावर पडतं, आणि पत्र्याला भोक आहे. हे भोक मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच, मोटार जो चालू करील त्यानं टाकी भरेपर्यंत खाली उभं राहायचं, असा आमच्याकडं नियम पडला. भोक बुजवण्यापेक्षा नियम पाडणं स्वस्त. आणि त्या दिवशी कोठीत लोकांनी सणाला वाहिलेली ज्वारीची पोती रचलेली.

मी परतलो तर सेक्रेटरी सॅम्युएल सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कोठीच्या दारात उभे. मी ताबडतोब सांगून टाकलं, सर, ऑटो मी टाकला होता. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच्या नवसाचा नारळ फोडायला निघालोय. गुन्हेगार आधीच सापडला होता. इसहाक मामांना स्टार्टरचं हिरवं बटण दाबताना स्वीटीनं, म्हणजे सरांच्या सुनेनं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मोटार चालू करून मामा स्टँडवर निघून गेले होते. खाली उभे राहिले नव्हते. मिटलं.

आता इसहाक मामा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. चर्चची किल्ली त्यांच्याकडं असते. वीतभर लांबीची, गोऱ्या मिशनरींच्या काळातली लोखंडी किल्ली. आधी त्यांच्या वडलांकडं होती. दार उघडणं, घंटा वाजवणं, दिवे मालवणं, दार लावणं, आणि लावल्यावर दोनदा ओढून बघणं, हे मामांचं काम. दुसऱ्यांदा ओढतात ते दारासाठी नव्हे. पहिल्यांदा ओढणाऱ्या स्वतःवरही त्यांचा भरवसा नाही.

संशय हा मामांचा धंदा नाही, प्रकृती आहे. बाजारात भाजीवाल्याच्या काट्यावर ते आधी चर्चची किल्ली ठेवतात. तिचं वजन त्यांना पाठ आहे. काटा खरा निघाला तर भाजी घेतात, आणि घरी येऊन भाजीवर संशय घेतात. मामी हयात होत्या तेव्हा सांगायच्या, “होकार द्यायच्या आधी ह्यांनी दौंडच्या मंडळीत चार घरी माझी चौकशी केली, आन् पाचव्या घरी त्या चार घरांची.”

दौंडचं नाव निघायचं कारण, वडलांकडून किल्ली यायच्या आधी मामांची नोकरी होती कुरकुंभला, एका केमिकल कंपनीत. राहायला दौंडात, रेल्वे लाईनच्या अंगाला. शिफ्ट सुटली की अंगाला येणारा वास एवढा, की शेजारच्यांचं कुत्रंसुद्धा त्यांच्यावर भुंकायला पुढं यायचं नाही. बॉयलरच्या आवाजानं त्यांचे कान तिथंच गेले. आणि संशयही, मूळचा असला तरी, तिथंच पिकला.

झालं होतं असं. एकदा शिफ्टमध्ये एका पाइपलाईनचा जोड सुटला आणि धूर कोंडायला लागला. बाकीचे बाहेर पळाले. मामा ओला टॉवेल तोंडाला बांधून आत गेले आणि हातानं व्हॉल्व्ह फिरवून त्यांनी गळती बंद केली. चौकशी झाली. सगळ्यांना उभं करून साहेबांनी निकाल वाचला, की त्याच लाईनवर पुढं ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह आहे, तो थोड्या वेळात बंद होणारच होता. ऑपरेटरनं काही केलं नसतं तरी गळती थांबलीच असती. सबब, गळती थांबण्याचं कारण ऑपरेटर नव्हे. वर मास्क न घालता आत गेल्याबद्दल समज दिली ती निराळी.

मामांनी ती समज मुकाट्यानं घेतली. पण त्या दिवसापासून ‘नसतं केलं तरी झालंच असतं’ असं कुणी म्हणालं की त्यांची मान ज्या रीतीनं वळते, ती रीत चोराचा माग काढणाऱ्या माणसाची आहे.

सण झाला. भिजलेली ज्वारी लोकांनी हॉलच्या गच्चीवर चादरी अंथरून पसरली. देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात भोपळे गेले, अंडी गेली. एक कोंबडा आमच्या रीतीप्रमाणं घेणाऱ्यानं परत देवाला दिला, मग पुन्हा लिलावात निघाला, आणि असं करत तोच कोंबडा दिवसभर विकला जात राहिला. ओल्या ज्वारीवर मात्र कुणी बोली लावीना. मामा दाराशी उभे होते. एरवी लिलावात ते मागून ओरडतात, “कोंबडा बदललाय का बघा रं.” त्या दिवशी ओरडले नाहीत.

जेवणाच्या पंगतीत सॅम्युएल सरांनी विषय काढला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मामांचं वय झालंय, घंटेला आता टायमर मिळतो, दाराला चांगलं कुलूप मिळतं, तेव्हा पुढच्या रविवारी कमिटीत बसून किल्ली मामांकडून घ्यावी. शब्द गोड होते. “इतकी वर्षं केलं, उपकार आहेत. पण खरं बोलायचं तर मामा नसते तरी घंटा काही वाजायची राहिली नसती.”

मामांनी मान वळवली. तीच मान.

मग सर माझ्याकडं वळले. मी सणसवाडीला एका कारखान्यात कॉम्प्युटरवर असतो. लाईन बंद पडली की मशीनच्या नोंदींवरून कारण कुठलं ते शोधणारा प्रोग्राम लिहितो. शिकलोय इथंच शिरूरच्या कॉलेजात, त्यामुळं सरांना मी कधी काळी त्यांच्या वर्गातला ढ होतो हेही आठवतं आणि आता कामाचा आहे हेही. म्हणाले, “ब्लेसन, तुझं ते कारण शोधायचं शास्त्र असतं ना, ते लाव. उगाच कुणावर आळ नको. कारण कोण, ते पुढच्या रविवारी तू सांग.”

मला जरा शिंगं फुटली. शास्त्र सोपं आहे, मी सगळ्यांसमोर सांगितलं. एखादी गोष्ट घडली. तिच्याआधी काय काय केलं गेलं ते मांडायचं. मग त्यातली एकेक कृती काढून बघायची. ती काढल्यावर गोष्ट घडायची थांबली, तर ती कृती कारण. नाही थांबली, तर ती नुसती हजर होती.

सोमवारी कामावरून येताना बसमध्येच मी हिशेब मांडला आणि घाम फुटला. माझा ऑटो काढून टाकला, तर मामांनी हिरवं बटण दाबलंच होतं. मोटार त्या बटणानं सुरू झाली असती, मामा स्टँडवर गेलेच असते, ज्वारी भिजलीच असती. म्हणजे मी कारण नाही. बरं, मामांचं बटण काढून टाकलं, तर माझा ऑटो होताच. ज्वारी भिजलीच असती. म्हणजे मामाही कारण नाहीत. दोघंही सुटलो. ज्वारी मात्र गच्चीवर पसरलेली, तिला कुणी सोडवलं नव्हतं.

तरी मी खूशच होतो. संध्याकाळी मामांच्या ओट्यावर गेलो आणि त्यांना सांगितलं, की तुम्ही सुटलात. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. कान गेले असले तरी संशयापुरतं त्यांना ऐकू येतं.

“आन् तू?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मीसुद्धा सुटलो.

“असं व्हय,” मामा म्हणाले. “म्हंजी शास्तर तू आणलं, इचारलं तू, आन् सुटलास बी तूच. जमलंय.”

मी समजावून सांगायला गेलो, की ते नियमानं आलेलं उत्तर आहे. त्यावर मामा म्हणाले, “ह्योच नेम लावून सायबानं माझा व्हॉल्व्ह काढून घेतला. तवा बी नेमच व्हता. आता त्योच नेम मला ज्वारीतून सोडवतोय. मला न्हाई पायजे तसलं सुटणं.”

त्यांचा संशय एवढ्यावर भागला नव्हता. त्यांना वाटत होतं, की सणाच्या उपदेशासाठी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्या पाळकांना घ्यायला सरांनी त्यांना नेमकं मोटारीपाशी असतानाच पिटाळलं, ते मुद्दाम. सरांचा फोन आला तेव्हा मामांनी बटण नुकतंच दाबलं होतं. टाकी भरायला वेळ आहे, तेवढ्यात जाऊन येऊ, असं धरून ते निघाले, आणि पाहुण्यांची बस काही येईना. मी पाहुण्यांना फोन करून विचारलं. बस शिक्रापूरपाशी पंक्चर झाली होती. मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, “कुठलं चाक?”

घरी जाताना वाटेत हन्ना काकूंनी अडवलं. त्यांची खोली टाकीला लागून, आणि त्यांचा नळ मोटारीच्याच लाईनवर. मोटार चालली की टाकीच्या आधी त्यांच्या नळाला पाणी येतं. आमच्या सगळ्या चौकशीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, याचा त्यांना राग होता. त्या म्हणाल्या, की मामा पेटीपाशी आले तेव्हा नळाखालची बादली भरून झालेली होती.

मी पुन्हा विचारलं. बटण दाबायच्या आधी?

“आधीच म्हणतेय न्हवं. मी मामांना हाक बी मारली, की मोटार चालूच हाय. पर त्यांना ऐकू आलं तर ना. दाबलं बटण आन् गेलं.”

स्टार्टरचा दिवा कधीचा उडालेला आहे. मोटार बोअरमध्ये, जमिनीच्या पोटात, वर तिचा आवाज नाही. पाइपातून पाणी चढतं त्याची सळसळ येते, पण ती मामांच्या कानांसाठी नव्हे. म्हणजे मामांनी जे बटण दाबलं, ते आधीच चालू असलेल्या मोटारीचं.

घरी आलो आणि माझी चूक मला दिसली. मी विचारत होतो, की हे नसतं तर काय झालं असतं. ‘काय झालं’ हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मग मी मांडणी बदलली. कृती ज्या क्रमानं घडल्या त्या क्रमानं लावल्या, आणि प्रत्येक कृतीच्या आधी जग कसं होतं आणि नंतर कसं झालं, एवढंच बघत गेलो. ‘मोटार चालू आहे’ हे वाक्य सकाळी खोटं होतं. मी ऑटो वर केला तेव्हाही खोटंच राहिलं. लाईट आली तेव्हा ते खरं झालं. मामांनी बटण दाबलं तेव्हा ते खरंच होतं, आणि दाबल्यावरही खरंच राहिलं. त्या बटणानं जगात काहीही बदललं नाही. लाईट आल्यानं बदललं, पण नुसती लाईट मोटार चालू करू शकत नाही. करू शकली, कारण ऑटो वर होता. आणि ऑटो वर का होता, तर मी केला म्हणून. धागा तिथं येऊन थांबत होता. मी व्याख्या दुरुस्त केली आणि पहिल्या झटक्यात मीच सापडलो.

दुसऱ्या दिवशी मामांना हे सांगितलं.  सांगून झाल्यावर त्यांनी खिशातली किल्ली काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “आता हेच कुरकुंभला लाव.”

मी लावलं. ‘गळती चालू आहे’ हे खरं होतं. मामांनी व्हॉल्व्ह फिरवला आणि ते खोटं झालं. नंतर ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह बंद झाला असेल तर होऊ दे. त्यानं जे थांबवायचं ते आधीच थांबलेलं होतं. तो व्हॉल्व्ह म्हणजे तुमचं शनिवारचं हिरवं बटण, मी म्हणालो. त्यानं थांबवलंच असतं, हे साहेबांचं खरं आहे. पण त्यानं थांबवलं नाही. थांबवलं तुम्ही.

मामांनी किल्ली उचलून परत खिशात टाकली. मग त्यांनी डोळे बारीक केले.

“मला बरं वाटावं म्हून तर न्हाई ना सांगत?”

मी म्हणालो, मामा, याच नियमानं ज्वारीत मी अडकलोय.

“व्हय,” ते म्हणाले. “तेवढ्यापायीच इस्वास बसतोय.”

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. मी हेच सगळं सांगितलं. सॅम्युएल सरांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. ते म्हणाले, की ठीक आहे, ऑटो तुझा. पण तू टाकला नसतास तरी मामांनी बटण दाबलंच होतं, आणि दाबून ते थांबले नव्हते. जे होणार होतं ते होणारच होतं. मग फरक काय पडला?

हन्ना काकू कमिटीत नाहीत, पण हॉलची खिडकी त्यांच्या खोलीसमोर आहे. त्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. “नसतंच धरायचं तर समदंच धरा की सर. तुम्ही मामाला स्टँडवर धाडलं नसतं तर? आन् पत्र्याला भोक नसतं तर?”

भोकाचा विषय निघाला की आमच्या कमिटीत ज्याला त्याला आपापल्या नखांकडं बघायचं काम निघतं. दुरुस्ती कैक वर्षं ‘पुढील बैठकीत’ होती, आणि बैठका सर घेत होते. मला तर वाटलं, की भोकावर या साऱ्यात कुणीच संशय घेतला नाही तो याचसाठी. ते सगळ्यांचं होतं.

मामा उठून उभे राहिले. किल्ली त्यांच्या मुठीत होती. ती टेबलावर ठेवतील असं मला वाटलं, आणि सरांनाही, कारण त्यांनी हात पुढं केला होता.

“मी नसतो तरी घंटा वाजली असती,” मामा म्हणाले. “मान्य. कुणीबी वाजवली असती. पर सर, वाजवली मी. माझ्या बाच्या मागं दर ऐतवारी. कुणी वाजवली असती ते सोडा. कुणी वाजवली ते लिवा.”

आणि खाली बसले.

सरांनी हात मागं घेतला. सर तसे वाईट नाहीत, फक्त त्यांना टायमरची फार हौस आहे. आमच्या पाळकसाहेबांनी विचारलं, की मामांच्या हातून काय झालं म्हणून किल्ली घ्यायची? सरांना सांगता येईना. शेवटी ठरलं ते असं, की किल्ली मामांकडंच राहील. पत्रा याच महिन्यात बदलायचा. आणि ज्वारी ज्यानं भिजवली त्यानं तिची शिक्षा म्हणून एका रविवारआड घंटेची पाळी करायची, म्हणजे मामांना जरा विसावा. याला सगळ्यांनी हात वर केले, मीसुद्धा. मामांनी केला नाही. हे सगळं मी किल्लीवर डोळा ठेवूनच घडवून आणलं की काय, असा त्यांना नवा संशय आला होता, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

पत्रा अजून बदललेला नाही. ज्वारी वाळली. हन्ना काकूंनी ती कोंबड्यांसाठी नेली, आणि कोंबड्यांनी कुणालाच दोष दिला नाही.

माझी पहिली पाळी आली त्या रविवारी मी झोपून राहिलो. जाग आली ती घंटेनं. बुशशर्टाची बटणं लावत पळत गेलो, तर मामा दोरी खुंटीला गुंडाळत होते. मला पाहून त्यांनी ना राग दाखवला, ना हसू.

“आला असतास का न्हाई, जरा मागंपुढं?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, आलो असतो.

“म्हंजी मी न वाजवता बी वाजली असती.”

“वाजली असती मामा. पण वाजवली तुम्ही.”

त्यांना हेच ऐकायचं होतं. “मग माझा एक ऐतवार तुझ्याकडं राहिला,” ते म्हणाले, आणि दार दोनदा ओढायला निघून गेले. उपासना अजून सुरूही व्हायची होती.

तो रविवार मला फेडायचा आहे. मी खरंच ठरवलं होतं, की पुढच्या खेपेला त्यांच्याही पाळीला मीच जायचं. गेलोसुद्धा, अंघोळ करून, वेळेच्या बराच आधी. पण मी येईन यावर मामांचा भरवसा नाही, म्हणून ते माझ्याही आधी येऊन दोरीपाशी उभे होते. त्यानंतर मी जितका लवकर निघतो, तितके ते त्याच्या आधी निघतात. मी उशिरा येणार हा त्यांचा संशय काही केल्या खोटा ठरवता येत नाही, आणि त्यांचा एक रविवार अजून माझ्याकडंच आहे.